समुद्र नेमका कुठे ऐकू येतो? एका अल्बमवरून संशोधनप्रश्न बांधताना

अमेरिकेचा नकाशा घ्या आणि मधोमध बोट ठेवा. बोट बहुधा कॅन्सस राज्यावर पडेल. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांचा भौगोलिक मध्य याच राज्यात, लेबनॉन नावाच्या गावाजवळ धरतात. म्हणजे समुद्रापासून खूपच लांब. या कॅन्ससमध्ये लॉरेन्स नावाचं शहर आहे आणि तिथल्या ‘द ॲपलसीड कास्ट’ या बँडने २००० साली ‘मारे व्हायटॅलिस’ नावाचा अल्बम काढला. लॅटिनमध्ये ‘मारे’ म्हणजे समुद्र. ढोबळ अर्थ घ्यायचा तर ‘जीवनाचा समुद्र’. आतल्या गाण्यांची नावं बघा: ‘पोसायडन’ हा ग्रीकांचा समुद्रदेव, ‘सांता मारिया’ हे कोलंबसचं जहाज, ‘मारे मॉर्टिस’ म्हणजे मृत्यूचा समुद्र, शिवाय ‘स्टॉर्म्स’. इमो आणि पोस्ट-रॉक यांच्या सीमेवरचा हा अल्बम आहे, आणि त्याच्याबद्दल बोलताना एक वाक्य सहज तोंडात येतं: समुद्रासारखं वाटतं.

आता आपला नकाशा घ्या. देशाच्या मध्याची खूण म्हणून नागपूरचा झिरो माइल दाखवतात, आणि आपला वर्धा जिल्हा त्याच्या अगदी शेजारी. रेल्वेने मुंबई साडेसातशे किलोमीटरच्या वर. सरळ रेषेत मोजलं तरी कुठलाही किनारा पाचशे किलोमीटरच्या आत येत नाही. हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या शाळेत शिकलेल्या कितीतरी मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात किंवा पडद्यावर. अशा मुलाने हेडफोन लावून ‘मारे व्हायटॅलिस’ ऐकला आणि म्हणाला, ‘समुद्रासारखं वाटतंय’, तर त्याला नेमकं काय ऐकू आलं?

आजचा लेख या एका प्रश्नावर. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय, काहींची सिनॉप्सिस लिहून चालू आहे. कला, संगीत, सिनेमा, साहित्य यातला विषय घेतला की समितीसमोर एक आक्षेप ठरलेला: ‘ही तुमची आवड झाली, यात संशोधन कुठे आहे?’ आक्षेप कडू लागतो, पण चुकीचा नाही. ‘समुद्रासारखं वाटतं’ हे वाक्य आहे त्या रूपात संशोधनाला निरुपयोगीच आहे. ते खोटं ठरू शकत नाही, ही त्याची अडचण. ते खोटं ठरू शकेल असं कसं करायचं, ते बघू.

आधी दोन शब्द उलगडून घेऊ, कारण हे संगीत सगळ्यांच्या ओळखीचं नसेल. इमो म्हणजे ‘इमोशनल हार्डकोर’चं छोटं रूप. १९८० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टन डी.सी.च्या पंक मंडळींमधून हा प्रवाह निघाला. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या बँडचा १९८५ चा अल्बम सहसा त्याच्या सुरुवातीला ठेवतात. पंकचा वेग आणि आवाज तोच, पण राग बाहेरच्या जगावर न काढता स्वतःच्या आत वळवलेला. नव्वदच्या दशकात तो अमेरिकेच्या मध्यभागातल्या राज्यांत पोचला आणि तिथे गिटार जास्त सुरेल, जास्त गुंतागुंतीची झाली. पोस्ट-रॉक हा शब्द सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने १९९४ मध्ये रुजवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की वाद्यं रॉकचीच, काम मात्र रॉकचं नाही. गिटारने चाल वाजवायच्या ऐवजी आवाजाचा पोत उभा करायचा. गाणं हळूहळू चढतं, भरतं, फुटतं, ओसरतं.

बघा, मी स्वतः काय केलं. ‘चढतं, भरतं, फुटतं, ओसरतं’. ही चारही क्रियापदं पाण्याची आहेत. संगीताबद्दल मराठीत बोलायला बसलं की पाणी आपोआप येतं: सुरांच्या लाटा, लयीचा ओघ, आवाजाचा झरा. आपली भाषाच निम्मं उत्तर आधी देऊन टाकते. हे ध्यानात ठेवा, प्रश्नावली लिहिताना याचा त्रास होणार आहे.

तर ‘समुद्रासारखं वाटतं’ या वाक्यात निदान तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एक, प्रत्यक्ष ध्वनी. दोन, त्यावर लावलेली पाटी, म्हणजे अल्बमचं नाव, गाण्यांची नावं, मुखपृष्ठ, कोणीतरी आधी सांगितलेलं वर्णन. तीन, ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असलेला समुद्र. संशोधकाचं काम या तिन्हींना वेगळं करण्याचं.

पाटीचा जोर किती असतो, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१० साली ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात हंटर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. मोटारवेवरून सतत जाणाऱ्या गाड्यांची घरघर आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांची घरघर कानाला बरीच सारखी लागते, या निरीक्षणातून तो निघाला होता. त्यांनी लोकांना एकच आवाज ऐकवला. कधी सोबत समुद्रकिनाऱ्याचं दृश्य दाखवलं, कधी मोटारवेचं. किनारा दिसताना तो आवाज लोकांना शांत वाटला, रस्ता दिसताना तितका नाही. मेंदूच्या स्कॅनमध्येही, वेगवेगळ्या भागांचा एकमेकांशी चाललेला संपर्क दोन्ही वेळी वेगळा दिसला. आवाज तोच. म्हणजे सेवाग्राम स्टेशनजवळ राहणाऱ्याला रात्रीच्या मालगाडीचा लांबून येणारा आवाज ‘समुद्र’ म्हणून दाखवता येईल, फक्त चित्र बरोबर हवं.

दुसरं उदाहरण जुनं आहे. क्लोद देब्युसी या फ्रेंच संगीतकाराची ‘ला मेर’ ही वाद्यवृंदाची रचना १९०५ ची. नावाचा अर्थच समुद्र. तिचं काम त्याने १९०३ मध्ये बर्गंडीत सुरू केलं. बर्गंडी हा फ्रान्समधला समुद्र नसलेला भाग, द्राक्षांच्या टेकड्यांचा. छापील स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा समुद्र आठवणीतून लिहिला जात होता आणि पाटी मुखपृष्ठावर लागत होती. लॉरेन्सच्या पोरांनी काही जगावेगळं केलेलं नाही.

इथे एक सावधगिरी. ‘समुद्र न पाहिलेल्या बँडने समुद्रावर अल्बम काढला’ हे वाक्य ऐकायला भारी आहे, आणि सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाकायचा मोह होईल. टाकू नका. हा बँड मूळचा कॅलिफोर्नियातला, नंतर कॅन्ससला आलेला. त्यांना समुद्र माहीत नव्हता असं धरून चालणं म्हणजे छान गोष्टीसाठी पुरावा वाकवणं.

आता ध्वनीकडे येऊ, कारण मोजता येण्यासारखं तिथेच जास्त आहे. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात, आणि ती खळखळ त्यांची असते. तिचा एक ठराविक सूर नसतो. खालपासून वरपर्यंत बऱ्याच कंप्रतांवर ऊर्जा पसरलेली असते. ड्रम्समधल्या झांजा सतत वाजवल्या किंवा गिटारचा आवाज मुद्दाम फाडला की साधारण असाच पसारा तयार होतो. दुसरी खूण म्हणजे लय. किनाऱ्यावर लाटा साधारण ५ ते १५ सेकंदांच्या अंतराने येतात. त्यामुळे आवाजाची पातळी त्या गतीने वर-खाली होते.

झालं तर मग, म्हणाल. अल्बममधल्या गाण्यांचा आलेख काढायचा, ५ ते १५ सेकंदांचं चक्र सापडलं की सिद्ध. थांबा. मिनिटाला १२० ठोके अशा मध्यम गतीत, चार-चार मात्रांची चार आवर्तनं घेतली तर होतात १६ ठोके, म्हणजे बरोबर ८ सेकंद. जगातली अर्धी गाणी चार आवर्तनांच्या तुकड्यांनी बांधलेली असतात. या हिशेबाने लावणीही समुद्र, लग्नातला बँडही समुद्र. तुमच्या मोजमापाने ‘मारे व्हायटॅलिस’ समुद्र ठरला यात काहीच नाही. त्याच मोजमापाने काय काय समुद्र *ठरत नाही*, ते दाखवावं लागतं.

म्हणून तुलना लागते, आणि तुलनेला काय घ्यायचं यातच तुमची बुद्धी दिसते. याच बँडने पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, ‘लो लेव्हल आउल’ दोन भागांत काढला. तोही इमो आणि पोस्ट-रॉकच्या सीमेवरचा, पण नावात समुद्र नाही. हा पहिला तुलनागट. दुसरा, त्याच काळातला दुसऱ्या बँडचा अल्बम. इलिनॉयच्या ‘अमेरिकन फुटबॉल’चा १९९९ चा अल्बम चालेल. तो बराच हलका, मोकळा आहे, तेव्हा फरक खरंच पकडला जातो का ते कळेल. ऑडॅसिटी आणि सॉनिक व्हिज्युअलायझर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पायथन येत असेल तर लिब्रोसा आहे. आवाजाची पातळी वेळेनुसार कशी बदलते, ऊर्जा किती कंप्रतांवर पसरली आहे, एवढ्या दोन गोष्टींनी सुरुवात करा. सगळी फीचर्स काढून, जे जुळलं ते छापणारे प्रबंध पुष्कळ आहेत. कुठली दोन फीचर्स बघणार, हे आधी लिहून ठेवा आणि मग फाइल उघडा.

पण ध्वनीने सगळं भागत नाही. आपल्याकडचं कोळीगीत घ्या. ‘मी डोलकर’ शांता शेळक्यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गायलंय लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी. या गाण्यांची डुलणारी लय ऐकली की आपल्याला होडी दिसते. लाटेसारखी खळखळ त्यात औषधापुरती असेल, तरी समुद्र येतो, कारण लहानपणापासून स्नेहसंमेलनात त्या लयीवर वल्ही मारणारी पोरं पाहिलीत. ही शिकलेली खूण. कॅन्ससच्या श्रोत्याला ती कळणार नाही. आणि त्याच्या खुणा आपल्याला.

हे नुसतं अंदाजाने बोलत नाही. एलिझाबेथ मार्ग्युलिस आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘पीएनएएस’मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या आर्कान्सा आणि मिशिगन या दोन ठिकाणच्या आणि चीनमधल्या दिमेन या खेड्यातल्या लोकांना शब्दांशिवायचं संगीत ऐकवलं, आणि ऐकताना मनात काय गोष्ट आली ते विचारलं. दोन अमेरिकन ठिकाणच्या लोकांनी एकाच तुकड्यावर सांगितलेल्या गोष्टी एकमेकांशी बऱ्याच जुळल्या. दिमेनच्या गोष्टी त्यांच्याशी जुळल्या नाहीत. कल्पना ‘आपली खाजगी’ वाटते, पण ती आपल्या गावाची असते.

इथे वर्धा जिल्हा उपयोगाला येतो. पुष्कळ विद्यार्थी आपल्या जिल्ह्याकडे अडचण म्हणून बघतात: इथे ना लाइव्ह शो, ना स्टुडिओ, ना समुद्र. या प्रश्नासाठी तोच फायदा आहे. समुद्र फक्त पडद्यावर भेटलेले श्रोते इथे सहज मिळतात, आणि तुलनेला अलिबाग किंवा मुरुडचे श्रोते घेता येतात, जे त्याच्या आवाजात झोपी जातात. भाषा एक, पाठ्यपुस्तकं एक, समुद्र मात्र एकाच गटाच्या रोजच्या जगण्यातला.

आराखडा साधा ठेवा. अल्बममधले शब्द नसलेले तुकडे घ्या, प्रत्येकी साधारण मिनिटभराचे, कारण गाण्याचे बोल इंग्रजी आहेत आणि ज्याला कळले त्याला आयती पाटी मिळेल. श्रोत्यांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट करा. एका गटाला काहीच सांगू नका. दुसऱ्याला सांगा, ‘हा समुद्रावरच्या अल्बममधला तुकडा आहे.’ तिसऱ्याला वेगळीच पाटी द्या, ‘हा गवताळ माळरानावरच्या अल्बममधला’; ही थाप आहे, तेव्हा शेवटी खरं काय ते सांगणं तुमच्यावर बंधनकारक. वर म्हटलेल्या दोन तुलना-अल्बमचे तुकडे मध्ये मिसळा, क्रम प्रत्येकासाठी बदला. आणि ‘हे समुद्रासारखं वाटलं का?’ असं कधीच विचारू नका. आपल्याकडे समोर बसलेल्या शिकलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं लोकांना जड जातं. हो म्हणून मोकळे होतात. मार्टिन ऑर्नने १९६२ मध्येच दाखवलं होतं की प्रयोगातला माणूस संशोधकाला काय हवंय याचा वास घेतो आणि तसं वागतो. म्हणून मोकळा प्रश्न: ‘ऐकताना डोळ्यांसमोर काय आलं?’ लाट, ओघ, तरंग हे शब्द सूचनापत्रातसुद्धा नकोत.

उत्तरं आली की खरं काम सुरू. कोणी म्हणेल समुद्र, कोणी दर्या, कोणी बोर धरण, कोणी पत्र्यावरचा पाऊस, कोणी कापसाच्या वावरातला वारा. हे सगळं ‘पाणी आणि निसर्ग’ या एका खणात टाकायचं का? मी सांगते, नाही. आणि कारण सौंदर्यशास्त्राचं नाही.

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीला पूर आला आणि काठावरच्या मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसं गेली. मोवाड नागपूर जिल्ह्यात येतं, पण नदी आपलीच, आणि या खोऱ्यात ती रात्र आठवणारी माणसं अजून आहेत. हळूहळू चढत जाणारा, मग सगळं व्यापून टाकणारा आवाज ऐकून असा एखादा श्रोता म्हणाला, ‘पाणी चढत होतं’, तर ते समुद्र नाही. संगणकाच्या शब्दमोजणीत ‘पाणी’ हा शब्द समुद्राच्या बाजूने मत टाकून मोकळा होईल, आणि तुमच्या तक्त्यात एक छान आकडा येईल जो धडधडीत खोटा असेल. समुद्राचं पाणी ओसरतं हे किनाऱ्यावरच्या पोराला ठाऊक असतं; नदीकाठच्या माणसाला चढणारं पाणी वेगळं ठाऊक असतं. एकाच क्रेसेंडोत एकाला भरती ऐकू येते आणि दुसऱ्याला ती रात्र. मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष इथेच दडलेला असू शकतो, आणि ‘समुद्र: होय किंवा नाही’ असा रकाना केला तर तो कायमचा हरवतो.

त्यामुळे दोन गोष्टी करा. कोडिंगचे नियम आधी लिहा (समुद्र, नदी किंवा पूर, पाऊस, वारा, यंत्र किंवा वाहन, इतर) आणि दोन वेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे कोडिंग करून घ्या, त्यांचं किती जुळतं ते कोहेनच्या कापाने तपासा. त्यातला एक जण या खोऱ्यातला असू द्या. ‘पाणी चढलं’ म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या कोडरला कळेलच असं नाही. दुसरं, संमतीपत्र. ‘फक्त गाणी ऐकवतोय, त्यात काय धोका’ असं समजून ते उरकू नका. मध्येच थांबता येईल, कारण सांगावं लागणार नाही, हे मराठीत स्पष्ट लिहा आणि तोंडानेही सांगा.

निकालांचे अर्थ काय लावणार, हेही आकडे यायच्या आधी ठरवायचं. पाटी नसलेल्या गटातही या अल्बमच्या तुकड्यांवर समुद्र जास्त वेळा आला आणि ‘लो लेव्हल आउल’वर आला नाही, तर ध्वनीत काहीतरी आहे. दोन्हींवर सारखाच आला, तर तो या अल्बमचा गुण नाही, त्या शैलीचा आहे. फक्त पाटीवाल्या गटात आला आणि माळरानवाल्यांना तितक्याच खात्रीने गवत दिसलं, तर मुखपृष्ठ जिंकलं. अलिबागमध्ये आला आणि आर्वीत नाही, तर ऐकणाऱ्याचा समुद्र महत्त्वाचा. उलटं झालं तर? किनाऱ्यावरच्या लोकांना खरा आवाज माहीत असल्यामुळे ते म्हणतील, ‘छे, असा नसतो समुद्र’, आणि सिनेमातून शिकलेल्या आर्वीकराला मात्र लगेच दिसेल. मला स्वतःला हीच शक्यता जास्त वाटते. म्हणूनच ती तपासताना माझ्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा.

व्हायवात ‘याचा उपयोग काय?’ असं विचारतीलच. तेव्हा संगीताने ताण कमी होतो वगैरे ठेवणीतली उत्तरं देऊ नका. ते तुम्ही मोजलेलंच नाही. म्हणा, शांत वाटावं म्हणून समुद्राचे आवाज ऐकवणारी ॲप्स आणि ध्यानाच्या ध्वनिफिती आज सगळीकडे आहेत, आणि समुद्राचा आवाज सगळ्यांना सारखाच शांत वाटतो असं त्या धरून चालतात. पूर पाहिलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरं आहे का, हे मला विचारायचं आहे. एवढं पुरे.

शेवटी एक अगदी हातातली गोष्ट. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, आणि या संगीताचं निम्मं वजन तिथेच आहे. सगळ्यांना एकाच प्रकारचे हेडफोन द्या, आवाजाची पातळी एकदा ठरवून बदलू नका, आणि ज्या खोलीत घ्याल तिथला पंखा बंद करा. तो चालू राहिला तर त्याचीही घरघर लाटांसारखीच लागते. पथदर्शी अभ्यासाला सहा-सात जण पुरेत. त्यात आकडे बघायचे नाहीत, फक्त ‘डोळ्यांसमोर काय आलं?’ हा प्रश्न लोकांना कळतो का ते बघायचं. हिंगणघाटच्या आजीला तो कळला नाही तर तो बदला. ‘काय आठवलं?’ असं विचारलंत तर आठवणीच येतील, चित्रं येणार नाहीत. ‘कुठं गेल्यासारखं वाटलं?’ हा शब्दप्रयोग वापरून बघा.